बत्तीस वर्षांनी सुधारलेले एक मत

आमच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात, संदर्भ विभागाच्या अगदी शेवटी, एक लोखंडी कपाट आहे. त्याच्याकडे सहसा कोणी फिरकत नाही. परीक्षेच्या दिवसांत तर नाहीच नाही. या कपाटात पौर्वात्य पवित्र ग्रंथमालेचे काही खंड आहेत. मूळ माला मॅक्स म्युलर यांच्या संपादनाखाली ऑक्सफर्डच्या क्लॅरेंडन प्रेसने १८७९ ते १९१० या काळात पन्नास खंडांत प्रसिद्ध केली. आमच्याकडे आहेत ती दिल्लीच्या मोतीलाल बनारसीदास यांनी केलेली पुनर्मुद्रणे. मी शोधत होते आठवा खंड, म्हणजे आपल्या मुंबईच्या काशिनाथ त्र्यंबक तेलंगांनी केलेला भगवद्‌गीतेचा इंग्रजी अनुवाद. तो मिळाला. पण त्याच्या शेजारी एकाच अनुवादकाचे नाव कितीतरी कण्यांवर दिसले. मोजून पाहिले तर या एकट्या माणसाच्या वाट्याला मालेतले सहा खंड होते आणि सगळे चिनी ग्रंथांचे. नाव होते जेम्स लेग.

त्या दिवशी तेलंग बाजूला राहिले आणि मी लेग घेऊन घरी आले. पुढचे सहा महिने मी या माणसाच्या मागे का लागले, हे सांगण्यासाठी आधी एक कबुली द्यायला हवी.

गेल्या वर्षीच्या याच वार्षिकात माझा एक लेख छापून आला होता. श्रावणात आमच्या घरी पोथी लागते, त्यावर तो होता. वाचणाऱ्याला अर्थ कळत नाही, ऐकणाऱ्याला कळून घ्यायचा नसतो, आणि हे सारे केवळ सवयीने चालले आहे, असे मी त्यात बिनदिक्कत ठोकून दिले होते. अंक घरी आला. आजीला आता दिसत नाही, म्हणून तिने धाकट्या भावाकडून लेख वाचून घेतला. ती रागावली नाही. पोथीला तू किती दिवस बसली होतीस, एवढेच तिने विचारले. मी एकच दिवस बसले होते, तोही अर्धा अध्याय. पण लेख तर छापून झाला होता, आणि छापलेले पुसता येत नाही.

आता लेग यांच्याकडे वळू.

जेम्स लेग यांचा जन्म २० डिसेंबर १८१५ रोजी स्कॉटलंडच्या ॲबर्डीनशायर परगण्यातल्या हंटली या लहानशा गावात झाला. वडील कापडाचे व्यापारी, घराणे धार्मिक वळणाचे; पण तिथल्या राजमान्य चर्चपेक्षा वेगळ्या, स्वतंत्र मंडळीचे. याच मंडळीतला विल्यम मिल्न नावाचा तरुण धर्मप्रसारक म्हणून पूर्वेकडे गेला होता. तिकडून तो आपली चिनी भाषेतली छापील पुस्तके गावाकडे धाडीत असे. ती लेगांच्या घरीही येत. घरात कोणालाही न वाचता येणारी ती पाने छोट्या जेम्सने हाताळली. त्याच्या पुढच्या आयुष्याची सुरुवात तिथे झाली, असे चरित्रकार सांगतात.

ॲबर्डीनच्या किंग्ज कॉलेजात त्यांनी लॅटिनमध्ये असा काही लौकिक मिळवला की, राजमान्य चर्चमध्ये गेले असते तर प्राध्यापकपदही दूर नव्हते. पण वडिलांची मंडळी सोडायला ते तयार झाले नाहीत. १८३५ साली पदवी घेतल्यावर काही काळ त्यांनी इंग्लंडात ब्लॅकबर्न येथील शाळेत गणित शिकवले, मग लंडनमध्ये धर्मशास्त्राचे शिक्षण घेतले आणि तेथेच सॅम्युएल किड यांच्याकडे चिनी भाषेचे पहिले धडे गिरवले. १८३९ मध्ये त्यांचे लग्न झाले. त्याच वर्षी हे जोडपे लंडन मिशनरी सोसायटीतर्फे मलाक्काला निघाले. चीनचे दरवाजे तेव्हा परक्यांना बंद होते, म्हणून चीनकडे जाणाऱ्यांचा मुक्काम मलाक्कात असे. तेथील अँग्लो-चायनीज कॉलेजचे ते प्राचार्य झाले. अफूचे पहिले युद्ध संपले, १८४२ च्या तहाने हाँगकाँग इंग्रजांच्या हाती गेले, आणि १८४३ मध्ये कॉलेज व छापखाना यांच्यासह लेगही तेथे आले. मधला थोडा काळ सोडला तर पुढची तीस वर्षे त्यांनी याच बेटावर काढली.

धर्मप्रसार हे त्यांचे काम होते आणि ते काम त्यांनी शेवटपर्यंत खरे मानले. पण मलाक्कातच एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली होती. ज्या लोकांशी आपल्याला बोलायचे आहे, त्यांचे विचार ज्या ग्रंथांतून घडले ते ग्रंथ आपण वाचलेच नाहीत, तर आपल्या बोलण्याला अर्थ काय? चीनमधला प्रत्येक शिकलेला माणूस कन्फ्यूशियस परंपरेचे प्राचीन ग्रंथ मुखोद्गत करून सरकारी परीक्षांना बसत असे. ते सगळे ग्रंथ मूळ संहिता, अनुवाद आणि टीपा यांसह इंग्रजीत आणायचे, असा लेग यांनी निश्चय केला.

निश्चय करणे सोपे असते. असा ग्रंथ छापायचा कसा, हा प्रश्न होता. आपल्या देवनागरीच्या जुळाऱ्यालाही जोडाक्षरांच्या खणांपुढे घाम फुटे. चिनी लिपीत तर प्रत्येक शब्दाचे चिन्ह वेगळे, म्हणजे हजारो चिन्हे आणि प्रत्येकाचा वेगळा खिळा. चिनी पद्धत लाकडी फळीवर अख्खे पान कोरून छापण्याची होती. पण इंग्रजी आणि चिनी मजकूर एकाच पानावर बसवायचा तर धातूचे सुटे खिळे हवेत. सॅम्युएल डायर या धर्मोपदेशकाने पिनांग, मलाक्का आणि सिंगापूर येथे एकेका चिन्हाचा पोलादी ठसा कोरवून घेण्याचे चिकाटीचे काम सुरू केले होते. १८४३ मध्ये तो वारला. त्याचे अपुरे काम रिचर्ड कोल या अमेरिकन मुद्रकाने हाँगकाँगमध्ये पुढे नेले. लेग यांचे ग्रंथ छापले गेले ते याच खिळ्यांवर, आणि त्या छापखान्याची देखरेख करीत वोंग शिंग नावाचे चिनी गृहस्थ. इतिहासाच्या पुस्तकात ग्रंथकर्त्याचे नाव राहते. ठसे कोरणाऱ्याचे आणि खिळे जुळवणाऱ्याचे राहत नाही. म्हणून ही दोन-तीन नावे मुद्दाम सांगितली.

लेग यांचा दिवस पहाटे तीनला सुरू होई. घर झोपेत असताना दिव्याच्या उजेडात ते चिनी भाष्यग्रंथ पुढे घेऊन बसत आणि न्याहारीपर्यंत लिहीत. त्यानंतरचा दिवस शाळा, प्रवचने, रुग्णांच्या भेटी आणि छापखाना यांचा. हाँगकाँग सरकारने १८६२ मध्ये उघडलेल्या सेंट्रल स्कूलची योजनाही मुख्यतः त्यांचीच. मधल्या काळात संसाराने त्यांना बरेच सोसायला लावले. काही मुले लहानपणीच गेली. १८५२ मध्ये पत्नी मेरी बाळंतपणात वारल्या. तरी पहाटेचा दिवा विझला नाही.

हस्तलिखित तयार झाले, खिळे होते. आता पैसा हवा होता. इतका जाडजूड आणि इतका थोडका खपणारा ग्रंथ कोणता प्रकाशक अंगावर घेणार? या वेळी धावून आले जोसेफ जार्डिन, हाँगकाँगच्या जार्डिन मॅथेसन या बड्या व्यापारी पेढीचे एक मालक. छपाईचा भार त्यांनी उचलला. १८६१ मध्ये ते वारल्यावर बंधू रॉबर्ट यांनी मदत चालू ठेवली.

येथे मी बराच वेळ थबकले. जार्डिन पेढीची संपत्ती कशातून आली, हे इतिहासाच्या विद्यार्थ्याला सांगायला नको. हिंदुस्थानातली अफू चीनमध्ये उतरवून ही पेढी मोठी झाली होती. लेग स्वतः अफूच्या व्यापाराचे विरोधक होते. म्हणजे ज्या धंद्याने चिनी घरे बसवली, त्याच धंद्याच्या पैशातून चिनी संस्कृतीचे सर्वांत मोठे इंग्रजी स्मारक उभे राहिले. आणि आपण मुंबईच्या बाजूचे लोक या बाबतीत नाक मुरडायला मोकळे नाही. माळव्याची अफू मुंबई बंदरातूनच चीनला जाई. जार्डिन पेढीचे मुंबईतले मोठे सहकारी होते सर जमशेटजी जीजीभाई. चीनच्या व्यापारात, म्हणजे कापूस आणि अफू यांत, मिळवलेल्या पैशातून त्यांनी रुग्णालय बांधले आणि त्यांच्याच देणगीतून मुंबईची कलाशाळा १८५७ मध्ये सुरू झाली. त्या कलाशाळेतून बाहेर पडलेली चित्रे आपण कौतुकाने पाहतो. पैशाचा डाग ग्रंथावर येतो की नाही, याचे सोपे उत्तर मला सापडले नाही. पण तो पैसा कुठून आला, हे विसरून ग्रंथ वाचू नये एवढे मात्र पटले.

१८६१ मध्ये चिनी अभिजात ग्रंथांचे पहिले दोन खंड बाहेर पडले. पहिल्यात कन्फ्यूशियसची संवादवचने आणि दोन छोटे ग्रंथ, दुसऱ्यात मेन्सियस. मुखपृष्ठावर प्रकाशनस्थळ म्हणून हाँगकाँगमधले ग्रंथकर्त्याचे स्वतःचे घर आणि लंडनची ट्र्यूब्नर कंपनी यांचा उल्लेख आहे. पानाची रचना पाहण्यासारखी आहे. वर मोठ्या चिनी अक्षरांत मूळ संहिता, मध्ये इंग्रजी अनुवाद, खाली बारीक टाईपात टीपा, आरंभी लांबलचक प्रस्तावना आणि शेवटी सूची. अनुवादकावर विश्वास नसेल तर वाचकाने वर पाहावे आणि स्वतः ठरवावे, अशी सोय प्रत्येक पानावर आहे. आपल्याकडच्या सटीक ज्ञानेश्वरीची सवय असलेल्याला ही मांडणी परकी वाटणार नाही.

मात्र पहिल्या खंडाच्या प्रस्तावनेत लेग यांनी कन्फ्यूशियसवर निकालही देऊन टाकला. दीर्घ अभ्यासानंतरही हा पुरुष थोर होता असे आपल्याला म्हणता येत नाही, असा त्याचा आशय होता. पंचेचाळीस वर्षांच्या धर्मोपदेशकाने अडीच हजार वर्षांची परंपरा एका परिच्छेदात निकालात काढली, आणि ते छापूनही झाले.

त्यानंतरचे काम त्यांनी एकट्याने केले नाही. त्याआधीही काही काळ हुंग रन-कान नावाचा तरुण त्यांच्याजवळ होता. तो पुढे नानकिंगला जाऊन ताइपिंग बंडखोरांच्या राज्यात राजपदाला चढला आणि १८६४ मध्ये त्याला देहदंड झाला. १८६२ मध्ये शांघायहून एक विद्वान जीव वाचवण्यासाठी हाँगकाँगला पळून आले. ताइपिंगांना पत्र लिहिल्याचा त्यांच्यावर आरोप होता. त्यांचे नाव वांग थाओ. वय चौतीस, व्यासंग अफाट, आणि ग्रंथसंग्रहही मोठा. एकेका प्राचीन ग्रंथावरची शेकडो भाष्ये चाळून त्यांतली मते वेगळी काढायची, त्यांचे टिपण चिनीत लिहायचे आणि लेगांपुढे ठेवायचे, हे काम वांग थाओंनी केले. १८६५ चा इतिहासग्रंथाचा तिसरा खंड, १८७१ चा काव्यसंग्रहाचा चौथा आणि १८७२ चा वसंत-शरद बखरीचा पाचवा खंड यांच्यामागे हे हात आहेत. १८६७ मध्ये लेग स्कॉटलंडला परतले तेव्हा त्यांनी वांग थाओंना तेथे बोलावून घेतले. डॉलर नावाच्या गावात, थंडीवाऱ्यात, हे दोघे चिनी काव्यावर काम करीत बसत. १८७० मध्ये दोघेही पूर्वेकडे परतले. लेग यांनी वांग थाओंचे ऋण प्रस्तावनेत नाव घेऊन मान्य केले, आणि त्या काळात तेवढेही फार थोडे करीत. तरी मुखपृष्ठावर एकच नाव आहे, हेही खरे. वांग थाओ मात्र सावलीत राहिले नाहीत. १८७३ मध्ये त्यांनी वोंग शिंग यांच्यासह तोच मिशनचा छापखाना विकत घेतला आणि पुढच्या वर्षी चिनी लोकांच्या मालकीचे दैनिक काढले. परक्यांचे ग्रंथ छापता छापता त्यांनी आपल्या माणसांसाठी वर्तमानपत्र उभे केले.

१८७० च्या प्रवासातली एक हकीकत सांगितली पाहिजे. ई-चिंग या गूढ ग्रंथाचा अनुवाद लेग यांनी १८५४-५५ मध्येच लिहून ठेवला होता, पण तो पूर्ण झाल्यावर त्यांच्या ध्यानात आले की आपल्याला ग्रंथ समजलेलाच नाही. त्यांनी वह्या बाजूला ठेवल्या. त्यातल्या काही तांबड्या समुद्रात पाण्याने चिंब भिजल्या. एकेक पान हलक्या हाताने सोडवून त्यांनी अक्षरे वाचवली. तो अनुवाद पुन्हा नव्याने करून छापला १८८२ मध्ये, म्हणजे सत्तावीस वर्षांनी. न समजलेले लगेच छापायचे नाही, हा धडा तोवर त्यांनी घेतला होता.

१८७३ मध्ये हाँगकाँग कायमचे सोडण्यापूर्वी ते उत्तर चीनमध्ये गेले. पेकिंगच्या स्वर्गवेदीवर चढताना त्यांनी पायातले जोडे काढले. चिनी लोक ज्याला शांग-ती म्हणतात तो आपलाच परमेश्वर, अशी त्यांची धारणा झाली होती. पुढे ते ताइशान पर्वत चढले आणि छूफूला जाऊन कन्फ्यूशियसच्या समाधीपुढे उभे राहिले. त्यांच्या सहकाऱ्यांतल्या अनेकांना हे रुचले नाही. १८७७ मध्ये शांघायला मिशनऱ्यांची परिषद भरली. तिच्यासाठी त्यांनी पाठवलेला कन्फ्यूशियस मताविषयीचा निबंध वाचला गेला, पण परिषदेच्या छापील वृत्तांतातून तो वगळण्यात आला. ज्याने आयुष्यभर दुसऱ्यांचे ग्रंथ छापले, त्याचाच निबंध छपाईतून गळाला.

तोवर ते ऑक्सफर्डला पोहोचले होते. चीनशी व्यापार करणाऱ्यांनी जमवलेल्या निधीतून तेथे चिनी भाषेचे नवे अध्यासन निर्माण झाले आणि १८७६ मध्ये लेग त्याचे पहिले प्राध्यापक झाले. त्याआधी वर्षभर फ्रान्सचा स्तानिस्लास ज्यूलियन पुरस्कारही पहिल्यांदा त्यांनाच मिळाला होता. सन्मान झाला, पण विद्यार्थी जेमतेम. चिनी शिकून ऑक्सफर्डमध्ये कोणाचे पोट भरणार? रिकाम्या बाकांसमोरचे हे प्राध्यापक पहाटे उठतच राहिले. पवित्र ग्रंथमालेतले सहा खंड याच काळातले. ई-चिंगचा खंड आणि आपल्या तेलंगांची गीता दोन्ही १८८२ मध्ये प्रसिद्ध झाली. एक मुंबईच्या वकिलाने केलेली, दुसरा ऑक्सफर्डच्या वृद्ध प्राध्यापकाने केलेला. आमच्या कपाटातही ते फार दूर नाहीत. १८८६ मध्ये लेग यांनी फा-हियानचे प्रवासवर्णन काढले. प्राचीन भारताच्या इतिहासात आपण गुप्तकाळासाठी ज्याची साक्ष काढतो तोच हा भिक्षू. नान्जियो बुन्यू या जपानी विद्वानाने जपानहून कोरियन पाठाची प्रत पाठवली, आणि ती मूळ संहिता लेग यांनी अनुवादाला जोडली. चिनी भिक्षू, भारतातली वाटचाल, कोरियात जपलेला पाठ, जपानहून आलेली प्रत आणि ऑक्सफर्डची छपाई. एका पातळ पुस्तकात इतके देश एकत्र आले.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहिला ती.

१८९३ मध्ये क्लॅरेंडन प्रेसने चिनी अभिजात ग्रंथांच्या पहिल्या खंडाची सुधारित आवृत्ती काढली. लेग तेव्हा सत्याहत्तर वर्षांचे होते. जुनी प्रस्तावना तशीच छापली असती तर कोणी काही म्हटले नसते. खपणारा ग्रंथ होता, नावही मोठे होते. पण कन्फ्यूशियसवरच्या त्या निकालाच्या जागी ते पुन्हा आले आणि त्यांनी तो बदलला. जसजसा अधिक अभ्यास केला तसतसा आपल्या मनातला त्याच्याविषयीचा आदर वाढत गेला आणि तो फार थोर पुरुष होता, असा नवा आशय तेथे आला. त्यांचे आक्षेप सगळे मावळले नव्हते. ते त्यांनी ठेवले. स्वतःचा धर्मही सोडला नाही. पण बत्तीस वर्षांपूर्वी आपण घाई केली, हे त्याच पुस्तकात, त्याच जागी दुरुस्त केले. माझ्या लेखी लेग यांच्या साऱ्या खंडांत एवढी जागा सर्वांत मोलाची आहे.

त्यानंतरही ते थांबले नाहीत. ऐंशीच्या उंबरठ्यावर, १८९५ मध्ये, त्यांनी ली-साओ या प्राचीन चिनी काव्याचा अनुवाद प्रसिद्ध केला. २९ नोव्हेंबर १८९७ रोजी ऑक्सफर्ड येथे त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी तिकडे शांघायला वांग थाओही वारले. १९६० मध्ये हाँगकाँग विद्यापीठाच्या मुद्रणालयाने हे पाचही खंड पुन्हा छापले. लेगांच्या अनुवादांत चुका निघाल्या आहेत, त्यांची भाषा जुनी झाली आहे, पुढच्या विद्वानांनी कितीतरी अर्थ बदलले आहेत. पण ते अर्थ बदलायलाही आधी लेग उघडावा लागतो.

या श्रावणात मी महिनाभर पोथीला बसले, समाप्तीपर्यंत. प्रत्येक अध्याय संपला की कोणी ना कोणी शंका काढी, शेजारच्या काकू एक अर्थ सांगत, आजी दुसरा. एकदा तर कर्णाच्या दानावरून दिवेलागणीपर्यंत वाद चालला. ज्यांना अर्थ कळत नाही असे मी लिहिले होते, त्यांनी मला चार अर्थ सांगितले. काही जण पेंगत होते हेही खरे, आणि तेवढे माझे वाक्य मी ठेवते. बाकीचे मी मागे घेते. लेगांना त्यासाठी बत्तीस वर्षे लागली आणि नवी आवृत्ती निघावी लागली. माझ्या लेखाची नवी आवृत्ती निघणार नाही, म्हणून ही दुरुस्ती याच वार्षिकात, पुढच्याच अंकात छापून ठेवीत आहे. आजीला हा लेख मी स्वतः वाचून दाखवणार आहे.

तृतीय वर्ष कला (इतिहास)